गाळाचे टन मोजा, मग यंत्र घ्या : नागपूरच्या मनपा आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका,
सिव्हिल लाइन्स, नागपूर.

विषय : भांडेवाडीच्या सांडपाणी केंद्रांतला गाळ आणि तो पाण्यातच जाळणारी ‘सुपरक्रिटिकल’ यंत्रणा

महोदय,

मनपाचं सांडपाण्यावरचं कुठलंही निवेदन घ्या, त्यातला आकडा एमएलडीचा, म्हणजे रोजच्या दशलक्ष लिटरचा, असतो. भांडेवाडीची २०० आणि १३० एमएलडीची केंद्रं, तिथून शुद्ध होऊन वीजकेंद्रांना जाणारं पाणी. नागपूरकर म्हणून मला याचा अभिमान आहे. धरणाचं पाणी वाचवून सांडपाण्यावर वीजकेंद्राची तहान भागवणं देशात फार थोड्या शहरांना जमलं आहे. पण त्या पाण्यातून जी घाण बाजूला काढली ती रोज किती टन निघते, कोणत्या गाडीत भरली जाते आणि कुठे ओतली जाते, हे मला आजवर एकाही निवेदनात वाचायला मिळालेलं नाही. पाण्याला गिऱ्हाईक मिळालं, गाळाला नाही.

हिशेब काही अवघड नाही. घरगुती सांडपाण्याच्या एका एमएलडीमागे साधारण २०० किलो कोरडा गाळ धरायचा, असा या कामातला ठोकताळा आहे. २०० एमएलडीच्या केंद्राला रोजचा ४० टन. पण तो कोरडा कधी निघतच नाही. सेंट्रिफ्यूजमधून पिळून निघालेल्या ‘केक’मध्येही ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणजे प्रत्यक्षात उचलायचा माल २०० टन. दहा-दहा टनांच्या वीस गाड्या, रोज, दिवाळी असो की पोळा. तुमच्या केंद्रात डायजेस्टर (गाळ कुजवून गॅस काढणारी बंद टाकी) नीट चालत असेल तर आकडा खाली येईल, पावसाळ्यात वर जाईल. नेमका किती, ते मोजल्याशिवाय कळणार नाही आणि माझी पहिली विनंती तेवढीच आहे : मोजा आणि जाहीर करा.

ज्यांनी हा केक जवळून पाहिला नाही त्यांना ‘गाळ’ म्हटलं की तलावातला चिखल आठवतो. हा तसा नसतो. सेंट्रिफ्यूजच्या तोंडातून तो काळ्या, रबरी लगद्यासारखा धपाधप पडतो. बोटांत घेऊन दाबला तर चमकतो, आणि सोडला की पुन्हा फुगतो. नीट बघितलं तर त्यात केसांचे गुंते असतात, खर्र्याच्या पन्नीचे तुकडे असतात, कापडाचे दोरे असतात आणि नखावर घासून पाहिलं तर बारीक वाळू लागते. ही वाळू आणि हे केस लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

आता पत्राचं कारण. नाग नदी पुनरुज्जीवनाच्या कामात नवी केंद्रं उभी राहणार, म्हणजे गाळही वाढणार. गाळ वाढला की तो ‘नाहीसा’ करणारी यंत्रं दारात येतील. चकचकीत सादरीकरण असेल, पहिल्या स्लाइडवर निळं पाणी, शेवटच्या स्लाइडवर हिरवं झाड. त्यांपैकी एका यंत्राबद्दल मला आधीच बोलायचं आहे, कारण माझी उभी नोकरी विदर्भातल्या औष्णिक वीजकेंद्रांत बॉइलर मेंटेनन्सला गेली आणि हे यंत्र नेमकं आमच्या जातीच्या पाण्यावर चालतं. त्याचं नाव सुपरक्रिटिकल वॉटर ऑक्सिडेशन. मी त्याच्या विरोधात नाही. उलट मला ते फार आवडतं. म्हणूनच ते चुकीच्या जागी आणून बसवलेलं आणि दोन वर्षांत गंजून पडलेलं मला पाहायचं नाही.

आधी ते करतं काय, ते सांगतो. घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी पाणी जेमतेम १२० अंशांवर असतं आणि दाब हवेच्या दुपटीइतका. तोच दाब २२१ बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब) पुढे आणि तापमान ३७४ अंशांच्या पुढे नेलं की पाणी ना द्रव राहत, ना वाफ होत. उकळणं नावाची गोष्टच संपते. घनता साध्या पाण्याच्या सहाव्या हिश्शापर्यंत उतरते आणि पाण्याचा स्वभाव पालटतो. तेल, चरबी, प्राणवायू यांच्याशी एरवी ज्याचं जमत नाही, ते पाणी या सगळ्यांना पोटात घेतं. प्राणवायू आणि घाण एकाच अवस्थेत आल्यामुळे मध्ये काही अडसरच उरत नाही. डायजेस्टरमध्ये कुजायला वीस-पंचवीस दिवस लागणारा ऐवज इथे मिनिटभराच्या आत जळून जातो, आणि तोही ज्योत किंवा धुराशिवाय. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. नायट्रोजन बहुतेक करून नायट्रोजन वायू म्हणूनच निघून जातो, गंधक आणि फॉस्फरसचे क्षार होतात.

भट्टीपेक्षा हे बरं का, तर तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास राहतं, त्यामुळे चिमणीतून जे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि डायॉक्सिन निघतात ते इथे जवळपास होतच नाहीत. औषधांचे अंश, कीटकनाशकं, अग्निशमनाच्या फेसातली एरवी कशानेच न तुटणारी फ्लोरिनची रसायनं, सगळं तुटतं. आणि भट्टीसाठी गाळ आधी वाळवावा लागतो, इथे लागत नाही. दहा टक्क्यांच्या आसपास घन भाग असलेला, पंपाने ढकलता येईल इतका पातळ गाळ चालतो. एकदा संच पेटला आणि बाहेर पडणाऱ्या उष्णतेने आत येणारा गाळ तापवत राहिलं की बाहेरून इंधन फारसं द्यावं लागत नाही.

ऐकायला इतकं छान आहे की मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, मग जगभर हेच का नाही? अमेरिकेतल्या एमआयटीचे मायकेल मोडेल यांनी याचं पेटंट १९८२ मध्ये घेतलं. चाळीस वर्षं उलटली. या चाळीस वर्षांत ज्या त्या शहराने गाळ वाळवला, कुजवला, शेतात टाकला, सिमेंटच्या भट्टीत घातला. हे यंत्र मात्र बोटांवर मोजण्याइतक्या जागी गेलं आणि त्यांतल्या कित्येक जागी बंद पडलं. कारण शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही, कोराडीपर्यंत गेलं तरी पुरे.

कोराडीच्या वीजकेंद्रातले ६६० मेगावॉटचे तीन संच सुपरक्रिटिकल आहेत. म्हणजे आपल्या शहराच्या वेशीवर, २२१ बारच्या आणि ३७४ अंशांच्या पलीकडलं पाणी रात्रंदिवस नळ्यांतून धावतं आहे. एवढा दाब, एवढं तापमान हाताळणारे वेल्डर, रेडिओग्राफी करणारे, बॉइलर निरीक्षक, कंट्रोल रूममधली पोरं, सगळे इथेच आहेत. तेव्हा ‘इतका दाब म्हणजे बॉम्बच की’ असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. दाबाचा प्रश्न इंजिनिअरांनी केव्हाच सोडवला आहे.

पाण्याचा नाही सोडवला. सुपरक्रिटिकल बॉइलरला जुन्या संचांसारखा पाणी-वाफ वेगळी करणारा ड्रम नसतो. एका टोकाने पाणी आत, दुसऱ्या टोकाने वाफ बाहेर, मध्ये कुठे क्षार साठवून ब्लोडाउनने फेकून द्यायची सोय नाही. पाण्यात जे काही असेल ते नळीत बसणार, नाहीतर टर्बाइनच्या पात्यावर. म्हणून तिथे पाणी क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटमधून आणि पुन्हा पॉलिशरमधून काढतात आणि त्यातलं क्लोराइड (मिठातला धातू गंजवणारा अंश) अब्जांशात मोजतात. केमिस्टचा फोन आला की ‘कंडक्टिव्हिटी वाढतेय’, तर रात्री अडीच वाजतासुद्धा सगळ्यांची झोप उडते. आमचा एक म्हातारा फिटर नव्या पोरांना म्हणायचा, “बाबू, प्रेशरले भेऊ नोको, पान्याले भे.”

आणि भांडेवाडीच्या गाळातलं पाणी? त्यातलं क्लोराइड अब्जांशात नाही, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. हजारो पटींचा फरक. वर केस, वाळू, साबण, मीठ, आचाऱ्याच्या कढईपासून दवाखान्याच्या मोरीपर्यंतचं सगळं. पाण्याचा स्वभाव पालटतो असं वर म्हटलं, त्याची ही दुसरी बाजू आहे : जे पाणी तेलाला पोटात घेतं तेच पाणी मिठाला बाहेर टाकतं. साध्या पाण्यात सहज विरघळणारे क्षार सुपरक्रिटिकल पाण्यात विरघळेनासे होतात, चिकट पांढऱ्या थराने रिॲक्टरच्या भिंतीला धरतात आणि नळी चोंदते. मग थांबवा, थंड करा, धुवा, पुन्हा तापवा. प्रत्येक थंड-गरम होण्यात धातूचं आयुष्य जातं.

गंजाची गंमत वेगळीच आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, जिथे सर्वांत गरम तिथे सर्वांत जास्त गंज. तसं होत नाही. सहाशे अंशांवर पाणी इतकं विरळ असतं की आम्ल त्यात सुटं होतच नाही. खरा मार बसतो तो तीनशे ते पावणेचारशे अंशांच्या पट्ट्यात, गाळ तापत वर जाताना आणि जळून झाल्यावर निवत खाली येताना. तिथे पाणी अजून दाट असतं, क्लोराइडचं आम्ल जोरात असतं आणि दाब तर पूर्ण असतोच. म्हणजे रिॲक्टर धडधाकट राहतो आणि हीट एक्स्चेंजर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या उष्णतेने आत येणारा गाळ तापवणारा नळ्यांचा भाग, मरतो. इन्कोनेल ६२५, हॅस्टेलॉय सी-२७६ अशा निकेलच्या महागड्या मिश्रधातूंनाही क्लोराइड सोडत नाही. शिवाय त्या धातूंतलं क्रोमियम गंजून बाहेर पडणाऱ्या पाण्यात षटसंयुजी रूपात, म्हणजे विषारी रूपात, येऊ शकतं. सादरीकरणात ‘बाहेर पडतं ते स्वच्छ पाणी’ असं लिहिलेलं असेल तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा.

नळी गेल्यावर काय होतं ते आम्ही पाहिलेलं आहे. उच्च दाबाची वाफ गळते तेव्हा ती डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते थोडं पुढे, निवल्यावर. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा असतो, सगळीकडून आल्यासारखा, त्यामुळे जागा कळत नाही. जुनी माणसं लांब दांड्याचा झाडू पुढे धरून एकेक पाऊल सरकायची. झाडूच्या काड्या सटकन तुटल्या की समजायचं, इथे आहे. नंतर संच थंड करून ती नळी कापून बाहेर काढली की फाटलेली जागा ओठ उघडल्यासारखी दिसायची आणि आतल्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्यांची रांग. एवढ्याशा खड्ड्यांनी अख्खा संच चार-पाच दिवस बंद. आणि हे, ज्या पाण्यात क्लोराइड अब्जांशात मोजतात, त्या पाण्यात.

परदेशातले अनुभव याहून वेगळं काही सांगत नाहीत. टेक्सासमधल्या हार्लिंजन गावात २००१ मध्ये शहराच्या गाळासाठी अशा प्रकारचं केंद्र सुरू झालं. ते बंद पडलं ते हीट एक्स्चेंजरच्या गंजामुळे. केंटकीत रासायनिक अस्त्रांच्या विल्हेवाटीसाठी अमेरिकी सरकारने हीच यंत्रणा बांधली आणि शेवटी अस्त्रांतल्या रसायनांपासून उरलेलं द्रावण दुसरीकडे पाठवायचं ठरवून ती सोडून दिली. तिथे पैशांची टंचाई होती असं कोणी म्हणणार नाही.

याच घराण्यातली एक थोरली बहीणही आहे, ओलं ऑक्सिडेशन. तिथे क्रिटिकल बिंदूच्या खालीच, दोनशे-तीनशे अंशांवर काम भागवतात. झिमरमन नावाच्या संशोधकाने कागद कारखान्याच्या सांडपाण्यापासून सुरुवात केली आणि १९६०च्या दशकात शिकागोने ही पद्धत गाळासाठी वापरून पाहिली. हॉलंडच्या आपेलडोर्नमध्ये तर बाराशे मीटर खोल विहीर खणून, पाण्याच्या स्वतःच्या वजनाने दाब तयार करून, गाळ तळाशी जाळायचे. डोकं लावलं होतं, यात शंका नाही. तेही २००४च्या सुमारास बंद झालं.

सध्या या क्षेत्रात ज्याचं नाव घेतलं जातं तो संच कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या सांडपाणी संस्थेने प्रात्यक्षिकासाठी घेतला. (ऑरेंज काउंटी आणि आपली ऑरेंज सिटी, हा योग सादरीकरणवाले सोडणार नाहीत, मी आत्ताच सांगून ठेवतो.) त्याची क्षमता दिवसाला ६ टन ओला गाळ. सहा. आपल्या एका केंद्राचा माझा अंदाज दोनशेचा आहे. त्यामुळे कोणी ‘जगात चालू आहे’ म्हणालं तर कितीवर चालू आहे आणि सलग किती तास, एवढं विचारलं तरी निम्मी चर्चा आटोपते.

प्राणवायूचा हिशेब वेगळा. गाळातला सेंद्रिय भाग किलोभर जाळायला सुमारे १.४ किलो प्राणवायू लागतो. आपल्या गाळात माती-वाळू बरीच, सेंद्रिय भाग निम्म्याहून थोडा जास्त धरू. ४० टन कोरड्या गाळाला, थोडा जादा सोडून, पस्तीस-चाळीस टन प्राणवायू रोज. हा आकडा किती मोठा ते नागपूरला वेगळं सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून आलेल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसने आपल्या स्टेशनवर तीन टँकर उतरवले तेव्हा अख्ख्या शहराने सुटकेचा श्वास टाकला होता. साधारण तेवढाच प्राणवायू या यंत्राला दररोज लागेल. नाही तर स्वतःचा ऑक्सिजन प्लांट टाका. किंवा साधी हवा अडीचशे बारपर्यंत दाबा, मग नुसत्या कॉम्प्रेसरला माझ्या अंदाजाने एक-दीड मेगावॉट वीज लागेल, शिवाय कामाचा नसलेला नायट्रोजनही तिप्पट-चौपट फुकट दाबावा आणि तापवावा लागेल. एक गोष्ट मात्र सोयीची आहे : द्रव प्राणवायूच्या टाक्यांना परवानगी देणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे, फाइल घेऊन दिल्लीला जावं लागणार नाही.

आणि जळून उरतं ते? गाळातली माती जळत नाही. ४० टनांतली पंधरा-वीस टन माती, राख आणि क्षार म्हणून बाहेर येणारच. शिसं, जस्त, कॅडमियम, जे काही आत असेल ते सगळं त्यात. धातू कुठल्याही तापमानाला नाहीसे होत नाहीत. ‘गाळ शून्य’ असं लिहिलेला कागद दिसला तर तो कागद तिथेच बाजूला ठेवावा. शेतकऱ्याच्या बाजूनेही एक नोंद करतो : या यंत्रात गाळातला नायट्रोजन हवेत जातो. फॉस्फरस तेवढा राखेत उरतो आणि तो काढता येतो, ही जमेची बाजू, कारण आपला देश फॉस्फेटचा खडक बहुतांश बाहेरून आणतो.

मग माझं म्हणणं काय? घरगुती गाळाच्या एवढ्या ढिगासाठी हे यंत्र आज घेऊ नका. त्याला साधे उपाय आहेत आणि नागपूरच्या उन्हाइतका स्वस्त मदतनीस दुसऱ्या शहराला मिळायचा नाही. डायजेस्टर चालवा, गॅस घ्या, त्यानंतर काचेच्या नाही तर पॉलीकार्बोनेटच्या छताखाली पसरून वाळवा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत जो गाळ वाळणार नाही तो कधीच वाळणार नाही. अडचण जून ते सप्टेंबरची. त्यासाठी छत लागतं, हवा खेळती लागते आणि चार महिन्यांचा माल मावेल एवढी जागा लागते. जागा म्हटलं की भांडेवाडीचा कचऱ्याचा डोंगर आठवतो, दर उन्हाळ्यात तिथे लागणाऱ्या आगी आठवतात, आणि पारडी-वाठोड्याच्या लोकांनी दारं-खिडक्या लावून काढलेले दिवसही. मी नंदनवनात राहतो, वारा फिरला की आम्हालाही कळतं. तेव्हा वाळवणाची जागा भांडेवाडीतच पुन्हा कोंबू नका, एवढी आमच्या भागाची विनवणी समजा. वाळलेला गाळ तपासून चांगला निघाला तर शेतात. धातू जास्त निघाले तर चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटच्या भट्ट्या आहेत, तिथे कोळशाबरोबर जाळायची बोलणी करता येतील. यात बातमी होण्यासारखं काही नाही, फीत कापायला कोणी येणार नाही, हे मला मान्य आहे.

सुपरक्रिटिकल यंत्राची खरी जागा दुसरी आहे. थोडा, पण घातक माल. बुटीबोरीच्या उद्योगांचा, औषध कारखान्यांचा, रसायनांचा गाळ, जो शेतात जाऊ शकत नाही, भट्टीत घातला तर चिमणीची भीती आणि पुरला तर भूजलाची. असा माल टनाला महागच पडतो, त्यामुळे महाग यंत्र तिथे परवडतं. तो कुठून येतो ते माहीत असतं, म्हणून त्यातलं क्लोराइड आधी तपासता येतं, जास्त असेल तर तो वेगळा काढता येतो. नाग नदीत काय येईल हे कोण सांगणार? दिवसाला एक-दोन टनांचा संच, औद्योगिक वसाहतीच्या खर्चाने, महापालिकेने फक्त शास्त्रीय देखरेख मागावी. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था वर्धा रोडवर आहे, सांडपाण्यावर तिचं काम १९५८ पासूनचं. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्राचा विभाग आहे. कोराडीत सुपरक्रिटिकल पाण्याजवळ रोज काम करणारी माणसं आहेत. पाण्याची, धातूची आणि दाबाची अशी तिन्ही माणसं एका शहरात असणं हे फार थोड्या गावांच्या नशिबी येतं, आणि माझ्या माहितीत तरी त्यांना एका टेबलाभोवती कोणी बसवलेलं नाही. तुम्ही बसवू शकता.

तरीही उद्या वरून आदेश आला, निधी आला, आणि यंत्र घ्यायचंच ठरलं, असंही होतं. मग निविदेत काही गोष्टी घाला. पैसे यंत्राच्या क्षमतेवर देऊ नका, प्रत्यक्ष जाळलेल्या कोरड्या टनावर द्या, आणि तो टन वजनकाट्यावर, आर्द्रता काढून, तिसऱ्या पक्षाने मोजलेला असू द्या. आपल्याच गाळावर सलग चार हजार तास चालवून दाखवल्याशिवाय मोठी रक्कम सोडू नका. ‘संचयी’ तास नकोत, सलग हवेत, कारण हे यंत्र थांबण्या-सुरू होण्यातच मरतं. हीट एक्स्चेंजर पहिल्या पाच वर्षांत जितक्या वेळा बदलेल तितक्या वेळा पुरवठादाराच्या खर्चाने. बाहेरच्या पाण्यातलं क्रोमियम आणि अमोनिया रोज तपासायचं, आणि निकाल फलकावर लावायचा. सुटे भाग कुठे बनतात ते लिहून घ्या. हॅस्टेलॉयचा वाकवलेला पाइप सहा महिने समुद्रात असेल तेव्हा गाळ वाट बघत नाही.

सुरक्षेचं एक कलम तर निगोशिएट करूच नका : रिॲक्टर आणि एक्स्चेंजर वेगळ्या, जाड भिंतीच्या खोलीत, चालू असताना आत माणूस जाणार नाही. झाडू घेऊन गळती शोधायचे दिवस आमच्याबरोबर गेले, ते परत नकोत. आणि चालवणारी माणसं कंत्राटावर दर अकरा महिन्यांनी बदलणारी नकोत. बॉइलरचा कान तयार व्हायला वर्षं लागतात.

हे सगळं नंतरचं. आधी मोजमाप. दोन्ही केंद्रांतल्या गाळाचं रोजचं वजन, घन भागाचं प्रमाण, त्यातला सेंद्रिय हिस्सा, क्लोराइड, धातू आणि वाळू, एवढे सहा आकडे वर्षभर लिहून काढा आणि महिन्याच्या महिन्याला मनपाच्या संकेतस्थळावर टाका. एकच नमुना घेऊन अहवाल लिहू नका. एप्रिलमधला गाळ आणि नाग नदीला पहिला लोंढा आल्यावरचा गाळ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो; रस्त्यांची, बांधकामांची सगळी माती त्या आठवड्यात वाहून येते. अडीचशे बारच्या पंपाची सीट ही वाळूच खाते. म्हणून एक नमुना पावसाआधी आणि एक मृगाच्या सरी पडल्यावर लगेच, असे दोन तरी नीरीला पाठवा, आणि त्यातला वाळूचा आकडा हातात आल्यावरच पंपवाल्याला भेटीची वेळ द्या.

आपला,
एक निवृत्त बॉइलर मेंटेनन्स इंजिनिअर,
नंदनवन, नागपूर